जुना अ‍ॅम्प्लिफायर : स्वतः उघडावा की उस्तादाच्या हाती द्यावा?

माळ्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा भंगारवाल्याच्या गाड्यावर पडलेला जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर पाहिला की आपल्या काही तरुणांच्या मनात एक विचार येतो. हा स्वस्तात घ्यावा, स्वतः उघडून दुरुस्त करावा, मग घरी वापरावा किंवा चार पैसे नफ्याने विकावा. विचार वाईट नाही. हलाल रोजीचा हा एक मार्ग होऊ शकतो. पण ज्या मालाची आतली बाजू आपण पाहिली नाही त्याचा भाव करू नये, ही बाजाराची पहिली शिकवण आहे. म्हणून या धड्यात अ‍ॅम्प्लिफायर कसा बांधावा हे आम्ही पूर्ण सांगणार नाही. तो स्वतः बांधायला घ्यावा की नाही, हे ठरवायचे कसे, हा आजचा विषय आहे.

आमचा धंदा कापडाचा, विजेचा नाही. खाली जी विजेची माहिती दिली आहे ती या कामात उमर घालवलेल्या कारागिरांकडून समजून घेतलेली आहे. ठरवण्याची रीत मात्र आमच्या बाजारातही तीच आहे. रफूगर सुई हातात घेण्याआधी कापड उजेडात धरतो. भोक केवढे आहे ते तो नंतर पाहतो. भोकाभोवतीचे सूत टाका धरील काय, हे आधी पाहतो. सूतच कुजलेले असेल तर चांगला रफूगर काम परत करतो. अ‍ॅम्प्लिफायरलाही हीच नजर लागते.

ऐकायचे काय, हा ज्याच्या त्याच्या दीन-इमानाचा प्रश्न आहे. किरअत, नात, तकरीर, बातम्या, सारे याच यंत्रातून ऐकू येते. येथे चर्चा यंत्राची आणि तिजारतीची आहे.

मागणी का आली?

जगभर काळ्या तबकड्यांचा शौक परत आला आहे. अमेरिकेत २०२२ साली तबकड्या सीडीपेक्षा जास्त नगांनी विकल्या गेल्या. असे १९८७ नंतर प्रथमच घडले. तबकडी वाजवायची तर अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि पुष्कळ शौकिनांना तो जुन्या घडणीचाच हवा असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक आता लहान शहरांतल्या जुन्या सामानाकडेही पाहू लागले आहे.

लातूरचा बाजार जुना आहे. फैयाजुद्दीन यांनी आखलेली गंजगोलाई १९१७ ची. तिला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि एकेका रस्त्यावर एकेक जिन्नस विकला जातो. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्या व्यापाऱ्यांचे पाय मुंबईइतकेच हैदराबादकडेही वळतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या सुट्या भागांसाठी ही ओळख कामाची आहे. हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली हे या मालाचे माहितीचे बाजार आहेत.

आधी सेट ओळखा

आपल्या भागात सापडणारे सेट साधारण चार जातींचे असतात.

पहिली जात व्हॉल्व्हच्या सेटची. काचेचे व्हॉल्व्ह लावलेले रेडिओग्राम आणि जुने अ‍ॅम्प्लिफायर यात येतात. यांच्या आत अडीचशे-तीनशे व्होल्ट आणि त्याहूनही जास्त दाब खेळतो.

दुसरी जात देशी ट्रान्झिस्टर सेटची. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक अशी नावे १९७० आणि १९८० च्या दशकांत घराघरांत माहीत होती. १९९१ पूर्वी परदेशी विजेच्या मालाच्या आयातीवर मोठी बंधने आणि भारी जकात होती, म्हणून हा देशी माल भरपूर चालला. याची रचना बहुधा साधी असते, भाग सुटे असतात आणि बदलीचा भाग मिळण्याची शक्यता जास्त असते. शिकणाऱ्याने सुरुवात करायची तर याच जातीपासून करावी.

तिसरी जात आखातातून आलेल्या सेटची. आपल्या गावोगावचे लोक सौदी आणि कुवेतला कामाला गेले, येताना जपानी सेट घेऊन आले. यांचा आवाज नामी असतो, पण एक धोका असतो. सौदीत पूर्वी घरोघरी १२७ व्होल्टचा पुरवठा होता आणि जपानात तो १०० व्होल्टचा आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट. काही सेटच्या मागे व्होल्टेज बदलण्याचा खटका असतो, काहींना तो नसतोच. खटका न पाहता पिन लावली तर सेट एका क्षणात जातो. म्हणून दुकानदार ‘लावून दाखवतो’ म्हणाला तरी आधी मागची पट्टी वाचा.

चौथी जात सभा, लग्नाचा मांडव आणि मशिदीत वापरल्या जाणाऱ्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरची. दिल्लीच्या आहुजा कंपनीचे सेट यात सर्वांच्या परिचयाचे. हे गाण्याच्या शौकाचे सेट नव्हेत. लांब तारेवर अनेक भोंगे चालवण्यासाठी त्यांच्या आउटपुटला ७० आणि १०० व्होल्टच्या लाइनची सोय असते. यांच्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

यंत्र म्हातारे कसे होते

सेट वापरला नाही म्हणून तो नवा राहतो, हा मोठा गैरसमज आहे. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्वांत आधी थकतो तो इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. त्याच्या आत ओलसर रसायन असते. उष्णतेने आणि काळाने ते सुकते. मग सेटमधून घूं असा आवाज येतो, आवाजातला दम जातो, कधी कंडेन्सर फुगतो किंवा खालून पाझरतो.

याचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. अशा साध्या कंडेन्सरवर कारखाना बहुधा ८५ अंश तापमानाला २,००० तासांचे आयुष्य सांगतो. ठोकताळा असा, की तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. आत ४५ अंश असतील तर २,००० चे ३२,००० तास होतात. रोज चार तास सेट चालवला तर हे सुमारे बावीस वर्षे पुरतात. पण तोच सेट बंद कपाटात, वर कपडा झाकून चालवला आणि आत ६५ अंश झाले, तर ८,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षेच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सेटच्या जाळीवर रुमाल टाकणारे घर आपल्या हाताने त्याची उमर कमी करते. आणि १९८० च्या आसपासचा सेट कसाही ठेवलेला असो, त्याचे हे कंडेन्सर आता भरवशाचे राहिलेले नाहीत.

दुसरे दुखणे व्हॉल्यूमच्या कंट्रोलचे आणि खटक्यांचे. धूळ आणि गंज यांनी खरखर येते. ती बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. भाग बदलावा लागत नाही. तिसरे दुखणे सुटलेल्या सोल्डरचे. वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन सांध्याभोवती बारीक तडा जातो, मग सेट थाप मारली की चालतो आणि पुन्हा बंद पडतो. चौथे दुखणे आउटपुट ट्रान्झिस्टर जळण्याचे.

यातली पहिली तीन दुखणी स्वस्तात बरी होतात. चौथे मध्यम. पाचवे एक आहे, ते म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळणे. येथे सूत कुजले असे समजावे. ट्रान्सफॉर्मर हा सेटचा सर्वांत महाग भाग. आपल्याकडे शेतीच्या मोटारी भरणारे वाइंडिंगवाले पुष्कळ आहेत, पण मोटारीचे वाइंडिंग वेगळे आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचे वेगळे. वेढ्यांचा आकडा आणि तारेची जाडी अचूक नसेल तर तो तापतो किंवा गुणगुणतो. म्हणून सेट विकत घेताना आधी ट्रान्सफॉर्मर पाहा, त्याला नाक लावा. जळका वास असेल तर बाकी सेट कितीही चकचकीत असो, हात जोडून निघा. फक्त भागांसाठी घ्यायचा असेल तर भंगाराच्याच भावाने घ्या.

नफा-तोट्याचा हिशोब

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. लोक म्हणतात, ‘स्वतः केले तर मजुरी वाचते.’ कागदावर मांडल्याशिवाय हे मान्य करू नये. खालचे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या गावचे आकडे घालून आपण हिशोब पुन्हा करावा.

समजा, सेट ४,००० रुपयांना घेतला. त्याला २,५०० रुपयांचे भाग लागतात. उस्ताद कारागीर ३,५०० रुपये मजुरी घेतो आणि भाग तोच आणतो. एकूण १०,००० रुपये.

आता स्वतः करायचे. सेट ४,०००, भाग २,५००, भाग मागवण्याचा किंवा आणण्याचा खर्च ८००. सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर, जुने सोल्डर ओढणारा पंप, पक्कड, क्लीनर अशी हत्यारे ३,०००. आता वेळ. नवशिक्याला पहिल्या सेटला तीस तास सहज लागतात. दिवसाची मजुरी ६०० रुपये आणि दिवस आठ तासांचा धरला तर तासाला ७५ रुपये पडतात, म्हणजे ३० तासांचे २,२५०. बेरीज १२,५५०. पहिला सेट उस्तादाच्या कामापेक्षा २,५५० रुपयांनी महाग पडला.

दुसऱ्या सेटला हत्यारे घ्यावी लागत नाहीत. वेळही अर्ध्यावर आला, असे धरू; पंधरा तासांचे १,१२५. मग ४,०००, २,५००, ८०० आणि १,१२५ मिळून ८,४२५ रुपये. उस्तादापेक्षा १,५७५ वाचले. तिसऱ्या सेटला पुन्हा १,५७५. दोन्ही मिळून ३,१५०. त्यातून पहिला २,५५० चा तोटा वजा केला तर तिसऱ्या सेटच्या शेवटी ६०० रुपये हाती राहिले.

या हिशोबाचा अर्थ सरळ आहे. एकच सेट असेल तर उस्तादाकडे द्या. स्वतः करायचे तर निदान तीन सेट करण्याचा इरादा ठेवा, आणि पहिल्या सेटचा जास्तीचा खर्च शिक्षणाची फी म्हणून आधीच बाजूला काढून ठेवा. ती रक्कम घरखर्चातून किंवा दुकानाच्या भांडवलातून निघणार असेल तर हा उद्योग सध्या करू नये. मधेच एखादा ट्रान्सफॉर्मर जळाला तर पाच सेटचा नफा जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शौक म्हणून कोणी महिनाभर संध्याकाळी बसून एक सेट बांधला, तर त्याने वेळेचे पैसे धरायचे कारण नाही. हुनर हाताला लागणे हीसुद्धा कमाई आहे. फक्त शौकाला धंदा म्हणू नये आणि धंद्याला शौकाची सवलत देऊ नये. वही दोन्हींची वेगळी ठेवावी.

जिवाचा हिशोब

पैशाचा तोटा भरून निघतो. जीव परत येत नाही. म्हणून खालच्या बाबतीत तडजोड नको.

सेटची पिन काढली म्हणजे आतली वीज संपली असे नाही. मोठ्या कंडेन्सरमध्ये साठा राहतो. तो पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे, तर योग्य वॉटचा रेझिस्टर लावून उतरवतात आणि मग मल्टिमीटरने खात्री करतात. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हा साठा प्राणघातक असतो. नवशिक्याने व्हॉल्व्हचा सेट उघडू नये, एवढे आम्ही स्पष्ट सांगतो. तो उस्तादाशेजारी बसून शिकण्याचा विषय आहे.

फ्यूज उडाला म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळण्याची आपल्याकडे सवय आहे. फ्यूज उडतो तो सेट आणि घर वाचवण्यासाठी. लिहिलेल्या आकड्याचाच फ्यूज घाला. तो पुन्हा उडाला तर दोष शोधा.

पुष्कळ जुन्या सेटला दोनच पिना असतात आणि अंग लोखंडी असते. दुरुस्तीच्या वेळी अर्थिंगचे काय करायचे हे जाणत्याकडून ठरवून घ्या. घरातला अर्थ नुसता बोर्डावर आहे की खरोखर जमिनीत गेला आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. चालू सेटवर काम करताना एकटे बसू नका, ओल्या फरशीवर बसू नका, लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका. सोल्डरमध्ये शिसे असते. खिडकी उघडी ठेवा आणि जेवणाआधी हात धुवा.

काम करण्याची रीत

ज्याने तीन सेटचा इरादा केला आहे त्याच्यासाठी कामाचा क्रम थोडक्यात असा.

माळ्यावरून काढलेला सेट थेट प्लगला लावू नये. दुरुस्तीवाल्यांकडे सिरीज बल्बचा बोर्ड असतो, तो वापरावा. साठ किंवा शंभर वॉटचा तारेचा बल्ब सेटच्या वाटेत जोडलेला असतो. येथे एलईडी चालत नाही. सेट लावताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो पूर्ण प्रकाशाने जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे, सेट लगेच बंद करावा. या वेळी स्पीकर जोडलेला नसावा.

उघडल्यावर काहीही हलवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. सेटचा नकाशा मिळाला तर काम अर्धे होते, म्हणून आधी तो शोधा. कंडेन्सर एकेक करून बदला. एक काढला की त्याच जागी दुसरा लावा, मगच तिसऱ्याला हात लावा. मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त घ्या, अधिक आणि उणे बाजू नीट पाहा. उलटा लावलेला कंडेन्सर फुटतो. मिळाला तर १०५ अंशांचा घ्यावा. मोठा कंडेन्सर आणखी मोठा केला की आवाज सुधारतो या ऐकीव गोष्टीवर जाऊ नये. सुरुवातीचा ओढा वाढून डायोडवर ताण येतो.

जे चांगले आहे ते बदलू नका. चपटे प्लॅस्टिकच्या फिल्मचे कंडेन्सर बहुधा शाबूत असतात. सगळा माल काढून नवा भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. चांगला रफूगर भोकाबाहेर टाका घालत नाही.

शेवटी स्पीकर जोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजा. ते काही मिलिव्होल्ट, फार तर पन्नासच्या आत असावे. तेथे काही व्होल्ट दिसले तर स्पीकरची कॉइल जळेल. मग पहिली परीक्षा हलक्या, स्वस्त स्पीकरवर घ्या. निदान दोन-तीन तास चालवून, तापमान पाहून मगच सेट तयार झाला असे म्हणावे.

नकली भागांची बाजारपेठ

कापडात जसा छापा एक आणि माल दुसरा निघतो, तसे येथेही आहे. २एन३०५५ हा लोखंडी टोपीचा जाडजूड ट्रान्झिस्टर आपल्या कित्येक जुन्या सेटमध्ये आहे. असली भाग १५ अँपिअर आणि ६० व्होल्ट सोसतो. नकलीच्या टोपीखाली छोटी चिप असते. तो कमी आवाजावर बरा चालतो, आवाज वाढवला की जातो आणि जाताना शेजारच्या चार भागांना घेऊन जातो.

त्याहून कठीण गोष्ट एसटीके नावाच्या आयसीची. जपानच्या सान्यो कंपनीचे हे भाग १९८० च्या दशकातल्या असंख्य सेटमध्ये होते. सान्योचा हा सेमीकंडक्टरचा व्यवसाय २०११ साली अमेरिकेच्या ऑन सेमीकंडक्टर कंपनीकडे गेला आणि यातले बरेच जुने नंबर आता बनत नाहीत. बाजारात त्याच नावाने मिळणाऱ्या मालात नकली पुष्कळ आहे. म्हणून सेट घेण्याआधी आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर आहेत की एसटीके, हे विचारा. एसटीके जळालेला असेल तर भाव त्या हिशोबाने करा, किंवा सोडून द्या. चोर बाजारातून, जळालेल्या जुन्या सेटमधून काढलेला असली भाग कधी कधी नव्या नकलीपेक्षा बरा निघतो.

विकताना ऐब सांगा

ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. मदीनेच्या बाजारात हजरत पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. ओला भाग गिऱ्हाइकाला दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे असाच ढीग आहे. वर पॉलिश केलेले लाकूड आणि आत ओले धान्य.

सेट विकताना एक चिठ्ठी लिहून द्या : कोणते भाग बदलले, कोणते जुनेच आहेत, ट्रान्सफॉर्मर मूळ आहे की भरून घेतलेला, कोणता खटका खरखरतो, ट्रान्झिस्टर कुठून आणला. दुरुस्त केलेल्या सेटला ‘जसाच्या तसा मूळ’ म्हणणे हा धोका आहे, मग गिऱ्हाईक कितीही लांबचे असो. लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क खरीदाराला आहे. फिकहच्या किताबांत त्याला खियार-ए-ऐब म्हटले आहे. तो हक्क त्याने मागण्याआधी आपणच चिठ्ठीवर लिहावा आणि मुदत ठरवून द्यावी. अशा चिठ्ठीने पहिले एखादे गिऱ्हाईक जाईल. पण याच चिठ्ठीने दहावे गिऱ्हाईक घर विचारत येते.

काम उस्तादाकडून करून घेतले तर त्याची मजुरी काम झाल्याबरोबर द्यावी. ‘सेट विकला की देतो’ हे बोलणे रास्त नाही. सेट विकण्याची जोखीम आपली आहे, कारागिराची नव्हे.

मशिदीचा सेट

वर सांगितलेली चौथी जात येथे येते. मशिदीचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की एखादा हौशी तरुण म्हणतो, ‘मी बघतो.’ त्याची नियत नेक असते. पण स्वतःच्या सेटवर शिकणे आणि मशिदीच्या सेटवर शिकणे यांत फरक आहे. तो वक्फचा माल आहे, लोकांच्या चंद्याचा आहे. तो जळाला तर नुकसान त्या तरुणाचे होत नाही, जमातीचे होते. आणि रमजानमध्ये सहेरीच्या वेळी किंवा जुम्याच्या खुत्ब्याच्या वेळी तो बंद पडला तर त्रास सर्वांना होतो. म्हणून मुतवल्ली आणि कमिटीने असा सेट माहीतगार कारागिराकडेच द्यावा, पावती घ्यावी, बदललेले जुने भाग परत मागावेत. तरुणाला शिकायचे असेल तर त्याने त्या कारागिराच्या शेजारी बसावे. अमानतीवर प्रयोग करू नये, ही साधी गोष्ट आहे.

हुनर टिकला पाहिजे

मग आम्ही सर्वांना ‘उस्तादाकडे द्या’ एवढेच सांगतो आहोत काय? नाही. अडचण अशी आहे, की उस्ताद कमी होत चालले आहेत. रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्त करणारी दुकाने एकेक करून मोबाइलची झाली. जुना सेट समजणारा कारागीर आज साठीच्या पुढे आहे आणि त्याच्या दुकानात शागिर्द नाही. तो गेला की त्याचा हुनरही जाईल. मग वर मांडलेल्या हिशोबात उस्तादाचा रकानाच उरणार नाही.

म्हणून ज्या घरात एखाद्या मुलाचा हात या कामात चालतो, त्या घराने त्याला रीतसर शिकू द्यावे. आयटीआयमध्ये दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो करता करता संध्याकाळी जुन्या उस्तादाकडे बसले तर किताब आणि हात दोन्ही तयार होतात. जुना अ‍ॅम्प्लिफायर समजलेला मुलगा इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर आणि मांडववाल्यांचे सेटही लवकर समजतो. नुसत्या शौकिनांच्या सेटवर लातूर किंवा नांदेडमध्ये घर चालणे कठीण आहे. या सर्व कामांत मिळून चालेल.

सरकारचे लक्षही दुरुस्तीकडे वळले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. वस्तू टिकवून वापरणे ही आपल्या आजोबांची सवय होती. आता जग तिच्याकडे परत येत आहे.

पेटी उघडण्याआधी सात प्रश्न

हा धडा वाचून झाल्यावर एका कागदावर पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१. सेट कोणत्या जातीचा आहे? व्हॉल्व्हचा असेल तर येथेच थांबा.
२. तो किती व्होल्टचा आहे आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे काय?
३. आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर आहेत की न मिळणारा आयसी?
४. नकाशा हाती आहे काय?
५. मी असे तीन सेट करणार आहे काय, की हा एकच?
६. पहिल्या सेटचा पूर्ण पैसा बुडाला तर घराला किंवा दुकानाला धक्का बसेल काय?
७. हा माल माझा आहे की कोणाची अमानत?

पहिल्या चारांची उत्तरे यंत्र देईल, पुढच्या दोहोंची वही देईल, आणि सातव्याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला विचारून द्यायचे आहे. सातही उत्तरे अनुकूल असतील तर बिस्मिल्लाह करून पेचकस हातात घ्या. एकही उत्तर अडत असेल तर सेट कपड्यात गुंडाळा आणि उस्तादाच्या दुकानाची पायरी चढा. जाताना घरातल्या मुलालाही सोबत न्या. सेट दुरुस्त होईपर्यंत तो तेथे बसून काही शिकेल, इन्शाअल्लाह.